मापसाहेबांची फेरपडताळणी

मापसाहेबांनी स्वतःच्या लेकीला पाहुण्यांसमोर "स्वभावाला औषध नाही" ही म्हण ऐकवली, तेव्हा त्यांच्या बायकोने चहाचा ट्रे टेबलावर जरा जोरातच ठेवला. शहाण्या माणसाने तेवढ्यावरून ओळखायला हवं होतं. मापसाहेब शहाणे होतेच, पण निवृत्तही होते, आणि निवृत्त माणसाला बोलता बोलता मध्येच थांबवायची युक्ती अजून कुणाला सापडलेली नाही.

मापसाहेब हे नाव इमारतीने ठेवलेलं. उभी हयात वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून गेली. दुकानात शिरायचं, तराजू पारखायचा, बरोबर असेल तर शिक्का, नसेल तर सील. दुकानदार त्यांना चहा विचारायलाही घाबरत, कारण कपात चहा किती आहे हेही ते बघतील अशी त्यांना धास्ती होती. निवृत्तीच्या वेळी खात्याने शिक्का परत घेतला, पण नजर परत घ्यायची राहून गेली. त्यामुळे वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांचं घड्याळ पुढे आहे, शेजारच्या मुख्याध्यापिकाबाईंच्या भिंतीवरचा फोटो डावीकडे कलला आहे, आणि तळमजल्यावरचे विमा एजंट, जे इमारतीचे सचिवही होते, ते देखभालीच्या हिशेबात हातचा विसरतात, हे सगळं त्या त्या माणसाला मापसाहेबांकडूनच कळत असे. यात राग नसे, कुचकेपणा तर नसेच. चूक दिसल्यावर गप्प बसणं त्यांना खिशात दुसऱ्याचं पाकीट घेऊन फिरल्यासारखं वाटे.

लेक विद्यापीठात मानसशास्त्राच्या विभागात होती. पाहुण्यांनी विचारलं, "तुझं नेमकं काय काम चालतं गं?" आणि तिने फार छान सांगितलं. माणसाचा स्वभाव पाच मोठ्या अंगांनी मोजता येतो. पूर्वी समजत की तिशीनंतर तो घट्ट होतो, पण आता दिसतंय की तो आयुष्यभर थोडा थोडा सरकत असतो. मग माणसाने स्वतः ठरवून, रोज एखादी छोटी गोष्ट वेगळी करून तो सरकवला तर? सरकलेला टिकतो का? आणि तो बदल फक्त त्याला स्वतःला वाटतो की आजूबाजूच्यांनाही दिसतो? तिचं संशोधन यावर होतं. पाहुणे माना डोलवत होते, आणि नेमकं तेव्हाच कोपऱ्यातल्या खुर्चीतून ती म्हण आली.

पाहुणे हसले. लेकही हसली, पण ते हसणं वजनात भरणारं नव्हतं. हे दुसऱ्या कुणाला नाही तरी मापसाहेबांना कळायला हवं होतं.

पाहुणे गेल्यावर ती म्हणाली, "बाबा, इतकी वर्षं मी ज्यावर घासतेय, ते तुम्ही तीन शब्दांत निकालात काढलंत."

"ते शब्द माझे नाहीत. शेकडो वर्षं लोक म्हणत आलेत."

"शेकडो वर्षं लोक खोटी मापंही वापरत आलेत."

हा घाव वर्मी बसला. मापसाहेब चष्मा पुसू लागले. भिंगं स्वच्छ होती, तरी बराच वेळ पुसत राहिले.

"मोजता कशाने तुम्ही स्वभाव?" त्यांनी शेवटी विचारलं.

"प्रश्नावली असते. माणूस स्वतःबद्दल उत्तरं देतो."

"म्हणजे दुकानदाराने स्वतःच्याच तराजूवर स्वतःच शिक्का मारायचा? वा!"

"म्हणूनच आम्ही त्याला ओळखणाऱ्या तिघांनाही विचारतो. काही बाबतींत माणसापेक्षा त्याच्या शेजाऱ्याला जास्त माहीत असतं, असं दिसून आलंय."

"शेजाऱ्याला?" मापसाहेब म्हणाले. त्या एका शब्दात त्यांनी डॉक्टर, मुख्याध्यापिकाबाई आणि विमा एजंट यांना एका ओळीत उभं करून नापास केलं. मग ते ताठ बसले. "असं कर. मलाच घे. मी बदललो तर म्हण मागे घेतो. नाही बदललो तर..."

"तर काय?"

"तर तू पाहुण्यांना आपण काय करतो ते जरा आवरून सांगायचं."

लेकीने आईकडे पाहिलं. आईने छताकडे पाहिलं. लेक म्हणाली, "संशोधकाच्या नातेवाईकाला अभ्यासात घेता येत नाही, बाबा. पण फोनवरचा कार्यक्रम आधी कुणीतरी वापरून बघायला हवाच आहे. ती चाचणी फेरी. तुमची नोंद अभ्यासात धरली जाणार नाही, हे नीट ऐकून घ्या."

मापसाहेबांनी "कुणीतरी वापरून बघायला हवाच आहे" एवढं नीट ऐकलं आणि पुढचं सोडून दिलं.

आता सरळ नाव नोंदवून मोकळं व्हावं, तर तसं होत असतं तर विद्यापीठ कशाला काढलं असतं? विभागाच्या कार्यालयातल्या कारकुनाने संमतीपत्र पुढे केलं. त्यात "संशोधकाशी नातं" असा एक रकाना होता. मापसाहेबांनी त्यात "जन्मदाता" असं लिहिलं. कारकून म्हणाला, "इथे 'नाही' लिहावं लागतं."

"पण आहे."

"असेल. पण इथे 'नाही'च लिहितात सगळे."

"सगळ्यांची ती लेक नाही," मापसाहेब म्हणाले आणि कागद परत सरकवला.

मग विभागप्रमुखांचं पत्र आणावं लागलं की चाचणी फेरीला नातेवाईक चालेल. पत्रावर जावक क्रमांक नव्हता. जावक क्रमांक देणाऱ्या बाई रजेवर होत्या. त्यांच्या जागी बसलेल्या गृहस्थांकडे क्रमांक होता पण वही कुलपात होती. दुसरा कुणी वैतागला असता. मापसाहेब मात्र बाकावर मांडी ठोकून बसले होते, आल्यागेल्याला कुठल्या खिडकीवर काय मिळतं ते सांगत होते, आणि फार वर्षांनी माहेरी आल्यासारखे खुलले होते. घरी परतल्यावर ते बायकोला म्हणाले, "शिस्त आहे हो तिच्या विभागात." लेकीच्या कामाबद्दल त्यांच्या तोंडून निघालेला हा पहिला बरा शब्द, तोही जावक क्रमांकाच्या निमित्ताने.

त्याच दिवशी जेवणाच्या टेबलावर बसून त्यांनी स्वतःची प्रश्नावली भरली. "इतरांचं बोलणं मी शांतपणे, पूर्ण ऐकून घेतो." पूर्ण सहमत, पाचपैकी पाच. "दुसऱ्याची चूक दिसली तरी मी लगेच बोट ठेवत नाही." पाचपैकी पाच. बायको खांद्यावरून वाचत होती. तिला एकाएकी खोकल्याची उबळ आली आणि ती आत गेली, ती बराच वेळ बाहेर आली नाही.

लेकीने त्या तिघा शेजाऱ्यांकडूनही उत्तरं मागवली. कुणी काय लिहिलं हे तिने सांगितलं नाही, फक्त तिघांची सरासरी सांगितली. ऐकून घेण्याच्या बाबतीत पाचपैकी दीड.

"दीड?" मापसाहेबांनी चष्मा काढला. "इतकं कमी भरणारं वजन मी दुकानात ठेवूसुद्धा दिलं नसतं. हे डॉक्टरचं काम. स्वतः लोकांच्या तोंडात चिमटा घालून त्यांना बोलू देत नाही, आणि मला दीड!"

"तिघांची सरासरी आहे, बाबा."

"मग तिघांचा कट आहे."

"अहो," आतून बायकोचा आवाज आला, "तिला बोलू द्या की पूर्ण."

तर असं ठरलं. तीन महिने, ऐकून घेणं आणि चूक दिसली तरी न बोलणं या एकाच अंगावर काम करायचं. फोन दिवसातून अधूनमधून वाजणार आणि आत्ता कुणाबरोबर आहात, काय करताय, मन कसं आहे असं विचारणार. सकाळी एक छोटं काम देणार. मापसाहेबांचा बेत ठरलेला होता. फोन सांगेल ते सगळं तंतोतंत करायचं आणि तरीही जसेच्या तसे राहायचं. तराजू खोटा आहे हे सिद्ध करायचं तर तपासणी मात्र खरी हवी, हा खात्याचा पहिला धडा. चुकवाचुकवी केली असती तर ते सहज जिंकले असते. पण चुकवाचुकवी त्यांच्या रक्तातच नव्हती, आणि पुढचा सगळा घोटाळा या प्रामाणिकपणातून झाला.

पहिल्या दिवसाचं काम होतं, "आज एकाचं बोलणं मध्ये न तोडता शेवटपर्यंत ऐका." मुख्याध्यापिकाबाई जिन्यात भेटल्या आणि त्यांनी शाळेतल्या संमेलनाची गोष्ट काढली. ही गोष्ट मापसाहेबांनी पूर्वी अनेकदा अर्धी ऐकली होती, कारण दर वेळी ते मध्येच "ते साल ते नव्हे" असं म्हणत आणि गोष्ट तिथेच संपे. या वेळी ते गप्प राहिले. बाई चुकीच्या सालावरून पुढे गेल्या, पडदा पडला, दिवे गेले, एका विद्यार्थ्याने अंधारातच भाषण पूर्ण केलं, आणि बाईंचे डोळे भरून आले. मापसाहेबांना तो शेवट माहीतच नव्हता. संध्याकाळी बाई हळूच त्यांच्या बायकोला विचारून गेल्या, "वहिनी, साहेबांची तब्येत बरी आहे ना?" दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी जिन्यातच त्यांना थांबवलं. "काका, जबडा आखडलाय का? या वर, फुकट बघतो."

हा अपमान ते गिळतात न गिळतात तोच कपाटाचं प्रकरण सुरू झालं.

लेकीची पुस्तकं पलंगाखाली खोक्यांत पडून होती. मापसाहेबांना ते बरेच दिवस खुपत होतं. पण "तुझ्या पुस्तकांना कपाट करून देतो" असं म्हणणं म्हणजे त्या पुस्तकांना मान देणं, आणि म्हण अजून मागे घेतलेली नव्हती. तेव्हा त्यांनी कुणालाही न सांगता सुतार बोलावला आणि "धुळीचा बंदोबस्त" असं त्याला नाव दिलं. सुतार आला, कानावरची पेन्सिल काढली, लेकीच्या खोलीतली भिंत उंचीला मोजली, रुंदीला मोजली, पुन्हा मोजली. मापसाहेब कौतुकाने बघत होते. मग सुतार म्हणाला, "एकसंध करतो साहेब. जोड नको. नातवंडांपर्यंत टिकेल."

एकसंध! मापसाहेबांच्या डोळ्यांसमोर त्या घराचा बोळ उभा राहिला. बाहेरच्या दारातून आत आलं की अरुंद बोळ, आणि लेकीच्या खोलीकडे जाताना त्याला काटकोनी वळण. एवढं उंच, एवढं रुंद, एकसंध कपाट त्या वळणावरून ब्रह्मदेव आला तरी फिरणार नव्हतं. सुताराने भिंत मोजली होती, वळण मोजलं नव्हतं. मापसाहेबांनी बोलायला तोंड उघडलं, आणि खिशातला फोन वाजला.

"आज कुणाला दुरुस्त करायचा मोह झाला, तर त्याऐवजी एक प्रश्न विचारा आणि उत्तर पूर्ण ऐका."

क्षणभर त्यांना वाट दिसली. "वळणावरून कसं नेणार?" हाही प्रश्नच की! पण मापसाहेबांचं मन म्हणजे दुसरं खातंच होतं. तिथून लगेच शेरा आला, की हा प्रश्न नव्हे, ही प्रश्नाचा सदरा घातलेली दुरुस्ती आहे. असल्या पळवाटा काढणाऱ्या दुकानदारांना त्यांनी जन्मभर दंड केला होता. त्यांनी एक मोठा श्वास घेतला आणि विचारलं, "तुम्ही या धंद्यात कसे आलात?"

सुताराने पेन्सिल खाली ठेवली. मग त्याने जे सांगायला सुरुवात केली ते दोन वेळा चहा होईपर्यंत संपलं नाही. त्याचे वडील, वडिलांचा रंधा, रंध्यावरून भावाशी झालेलं भांडण, गुडघा, गुडघ्याचे दोन डॉक्टर, आणि पोहण्यात पहिली येणारी मुलगी. शेवटी त्याने पेन्सिल पुन्हा कानावर खोचली. "साहेब, इतकी वर्षं लोकांच्या घरात जातोय, पण असं कधी कुणी विचारलं नाही. तुमचं कपाट मी जीव ओतून करतो." आणि त्याने खरोखरच जीव ओतला. जास्तीचा एक पैसा न घेता कपाट चार बोटं आणखी रुंद केलं.

कपाट आलं तेव्हा देखणं होतं यात वाद नाही. चौघांनी ते वर चढवलं, दारातून आत घेतलं, बोळात नेलं आणि वळणावर ते अडकलं. उभं करून पाहिलं, आडवं करून पाहिलं, तिरकं केलं तेव्हा बायको स्वयंपाकघरात कोंडली गेली. तासाभराने ते कसंबसं परत निघालं आणि जिन्याच्या चौकात दोन दारांच्या मधे टेकलं.

सुतार घाम पुसत वळणाकडे बघत राहिला. "साहेब, हे कसं ध्यानात आलं नाही आपल्या?"

'आपल्या' या शब्दाने मापसाहेबांच्या काळजाला घरं पडली. ज्या माणसाने फूटपट्टीवरचा केसभर फरक नुसत्या डोळ्यांनी पकडला, त्याच्या दारात त्याचंच कपाट उभं, आणि ध्यानात न आल्याचा ठपका! पण त्या दिवसाचं काम होतं, "आज स्वतःचा बचाव करू नका." ते "हं" एवढंच म्हणाले. कपाट सुटं करायला सुतार काही केल्या तयार होईना. "दुसऱ्या कुणाचं असतं तर कापलं असतं. तुमचं नाही कापणार."

इमारतीला सल्ला द्यायला असं निमित्त पिढ्यान्‌पिढ्या मिळालं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, भिंत थोडी कोरा, आम्ही दाढ काढताना तसंच करतो. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, खिडकीचे गज काढून दोरखंडाने वर ओढा. विमा एजंट म्हणाले की ओढताना पडलं तर काय, आणि याविषयी त्यांच्याकडे एक चांगली पॉलिसी आहे. पूर्वीचे मापसाहेब प्रत्येक सल्ल्यातली चूक उलगडून दाखवत आणि माणूस पुन्हा दोन महिने फिरकत नसे. आता ते सगळं शेवटपर्यंत ऐकत होते. त्यामुळे लोक पुन्हा पुन्हा येऊ लागले. खुर्च्याही बाहेर आल्या.

मग एजंटांना आपण सचिव असल्याचं आठवलं. "सामायिक जागेत खाजगी वस्तू" म्हणून त्यांनी मापसाहेबांना रीतसर नोटीस दिली, आणि देताना स्वतःच ओशाळून म्हणाले, "साहेब, राग मानू नका, नियमच आहे." नोटिशीत तारीख टाकायची राहिली होती. मापसाहेबांनी ती पाहिली, घडी केली आणि खिशात ठेवली. त्यांच्या कानशिलावरची शीर उडत होती, हे फक्त बायकोला दिसलं. सभा भरली. सभेत ते एकदाही मध्ये बोलले नाहीत. मूकसंमती समजून लोकांनी त्यांना एकमताने "कपाट निवारण उपसमिती"चं अध्यक्ष करून टाकलं. आरोपीलाच न्यायाधीश करण्याचा हा प्रकार त्यांच्या खात्यातही कधी घडला नव्हता.

उपसमितीच्या बैठका कपाटासमोरच होत. बसल्या बसल्या कुणी छत्री त्यात ठेवली, कुणी वर्तमानपत्रं ठेवली. मुख्याध्यापिकाबाईंनी आपली जुनी पुस्तकं आणून लावली, डॉक्टरांनी दवाखान्यातली मासिकं. निवारण करायचं ते कपाट हळूहळू सगळ्या इमारतीचं होऊन बसलं.

मग एका सुट्टीला लेक घरी आली. ती तेव्हा विद्यापीठाजवळ राहत असे आणि सुट्टीला घरी येई. जिन्यात थबकून तिने विचारलं, "कुणाचं हो हे?"

"तुझं," आई म्हणाली.

"तिचं म्हणजे..." मापसाहेब घाईघाईने म्हणाले, "खोक्यांत धूळ जाते."

लेकीने कपाटावरून हात फिरवला. मग ती आत गेली, बोळातल्या वळणाशी उभी राहिली आणि परत आली. "बाबा, तुम्हाला वळण दिसलं नाही?"

"दिसलं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुझा फोन वाजला," मापसाहेब म्हणाले.

लेक तिथेच पायरीवर बसून हसत सुटली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. ते हसणं काट्यावर ठेवलं असतं तर काटा खालीच टेकला असता. मापसाहेबांना स्वतःचं हसू झालेलं खपत नसे, पण त्या दिवशी ते रागावल्याचं कुणाला आठवत नाही.

तीन महिन्यांनी शेजाऱ्यांना पुन्हा विचारलं गेलं. सरासरी आली साडेतीन.

मापसाहेब पैज हरले. ज्या स्वभावाचा त्यांना लोखंडी वजनासारखा भरवसा होता, तो तिघा शेजाऱ्यांच्या साक्षीने जागचा हलला होता. त्यांनी फेरपडताळणी मागितली. लेक म्हणाली, "आम्हालाही तेच हवंय. बदल टिकतो का ते बघायचंच असतं." सहा महिन्यांनी पुन्हा विचारलं, थोडं घसरलं होतं, पण दीडवर काही गेलं नाही. मापसाहेबांनी म्हण मागे घेतली. म्हणजे घेतली असं ते बोलले नाहीत, पण त्यानंतर घरात कुणी ती ऐकली नाही.

मधल्या काळात लेकीने खऱ्या लोकांवर अभ्यासाचा पहिला टप्पा पूर्ण केला. पुढचा मोठा टप्पा, अनेक ठिकाणची माणसं आणि बरीच वर्षं, मंजूर करायचा की काम इथेच बंद करायचं, हे एका मंडळासमोरच्या खुल्या सभेत ठरणार होतं. "नाही आलात तरी चालेल," लेक म्हणाली. मापसाहेब बायकोसह दुसऱ्या रांगेत बसले होते, खात्याच्या निरोपसमारंभाचा कोट घालून.

लेक उभी राहिली. दिवे मंद झाले, पडद्यावर आलेख आले. ती बोलू लागली आणि मापसाहेबांना पहिल्यांदाच दिसलं की ही मुलगी घाई करत नाही, जे कळलं नाही ते "अजून कळलेलं नाही" असं सरळ सांगते, आणि प्रत्येक वाक्य ठेवायच्या आधी हातात तोलून बघते. ही सवय कुणाची हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. अभिमानाने त्यांचा ऊर इतका भरून आला की कोटाचं बटण सोडावं लागलं. मध्ये ती म्हणाली, "चाचणी फेरीत एक ज्येष्ठ स्वयंसेवक होते. त्यांची नोंद अभ्यासात धरलेली नाही." धरलेली नाही! कपाट, नोटीस, उपसमिती, आणि धरलेली नाही! त्यांनी बायकोकडे पाहिलं. बायको समोर बघत होती.

तेवढ्यात पडद्यावर नवा तक्ता आला. स्त्रिया चौसष्ट, पुरुष त्रेपन्न, एकूण एकशे अठरा.

मापसाहेबांचं अंग ताठ झालं. चौसष्ट आणि त्रेपन्न एकशे सतरा. पडद्यावर हातभर आकड्यांत चूक उभी होती आणि सभागृहात ती कुणाला दिसत नव्हती. त्यांचा उजवा हात आपोआप वर निघाला. खिशातला फोन गप्प होता, कार्यक्रम संपून कितीतरी महिने झाले होते. त्यांनी तो हात खाली ओढला आणि हाताला लागेल ते घट्ट धरलं. तक्ता गेला आणि पुढचा आला.

बोलणं संपलं. मंडळाचे अध्यक्ष, पांढऱ्या केसांचे प्राध्यापक, प्रसन्नपणे म्हणाले, "काम नेटकं आहे. पण पुढे इतकी वर्षं घालवायची म्हणजे... आपल्याकडे म्हणतात ना, स्वभावाला औषध नाही."

सभागृह हसलं. लेकही हसली. ते हसणं मापसाहेबांनी ओळखलं. घरात पाहुण्यांसमोर ऐकलेलं तेच हसणं होतं, वजनात न भरणारं.

ते उभे राहिले.

"माफ करा," ते म्हणाले, आणि आवाज थेट दुकानात शिरतानाचा लागला. "मी वजनमापे खात्यात होतो. एखादं माप शेकडो वर्षं चालत आलंय म्हणून मी त्यावर कधी शिक्का मारला नाही. तपासून मारला. ही म्हण मीही वापरायचो. पण ती कुणी तपासली होती का? हिने तपासली. म्हण कमी भरली."

अध्यक्षांनी चष्म्यावरून पाहिलं. "आपण कोण?"

"चाचणी फेरीतला. नोंदीत न धरलेला."

"अस्सं! म्हणजे आपला स्वभाव बदलला?"

"बदलला," मापसाहेब छाती काढून म्हणाले. "हल्ली मी कुणाला मध्येच उठून दुरुस्त करत नाही."

मग शेवटच्या रांगेपासून हशा उठला तो पुढे आला, अध्यक्षांनीही टेबलावर हात मारला. आपण कुठे आणि कशासाठी उभे आहोत ते मापसाहेबांच्या तेव्हा ध्यानात आलं आणि ते मटकन खाली बसले. पण लेक माइकपाशी वाकून हसत होती, अगदी पायरीवर बसून हसली होती तशी. हसू आवरून ती म्हणाली, "सर, माणूस पूर्ण बदलतो असं आमचं म्हणणंच नाही. थोडा सरकतो, आणि ते थोडं घरच्यांना पुरतं." अध्यक्ष म्हणाले, "एका माणसावरून काही सिद्ध होत नाही. तरी यांची तक्रार मी लिहून घेतो." तासाभराने निरोप आला, पुढचा टप्पा मंजूर.

बाहेरच्या व्हरांड्यात लेक धावत आली. आईला मिठी मारून झाल्यावर तिचा चेहरा जरा पडला. "बाबा, घोटाळा झाला होता एका तक्त्यात. बेरीज एकने जास्त होती. जुन्या चाचणीतली एक नोंद चुकून राहून गेली." ती थांबली. "तुमची. जास्तीचे एक ते तुम्हीच. आत्ता अध्यक्षांना सांगून आले, दुरुस्त करून पाठवते म्हणून. पण मला नवल वाटतंय, तुम्हाला दिसली नाही?"

"कुठली बेरीज?" मापसाहेब म्हणाले. "मी कुठे पडद्याकडे बघत होतो? मी तुझ्याकडे बघत होतो."

लेकीने त्यांच्या कोटाचं सुटलेलं बटण लावलं. मग कुणीतरी हाक मारली म्हणून मागे बघत बघत गेली.

ती लांब गेल्यावर बायको म्हणाली, "जन्मात पहिल्यांदा खोटं बोललात."

"तक्ता आला तेव्हाच दिसली होती," मापसाहेब पुटपुटले. "एकशे सतरा."

"ठाऊक आहे मला," बायको म्हणाली. "तेव्हापासून माझं मनगट धरलंय तुम्ही. आता सोडा."